युएन वुमन आणि युएनएफपीए एक करणार म्हणे, आपल्याकडे गावात काय फरक पडेल?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यात एका छोट्या संस्थेत काम करते. किशोरी मुलींचे गट, बालविवाह थांबवणं, आई-बाप ऊसतोडीला गेले की मागे राहिलेल्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून धडपड, असं सगळं. एनएफएचएस-५ मध्ये (सरकारचा कुटुंब आरोग्य सर्व्हे) आमच्या जिल्ह्याचा आकडा ४८ टक्के आला होता. म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांमधल्या जवळजवळ निम्म्या जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं, आणि राज्याचा आकडा तेव्हा २२ च्या आसपास होता. तेव्हापासून आमच्याकडे पाहुणे फार वाढलेत. पैसे देतात, चांगली माणसं आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकाचा फॉर्म वेगळा! एकाला मुली १० ते १९ वयाच्या हव्यात, दुसऱ्याला ११ ते १८, एकाला दर महिन्याला माहिती पाहिजे तर दुसऱ्याला तिमाहीला, एक म्हणतो "लाभार्थी" मोजा तर दुसरा म्हणतो "संपर्क" मोजा. गावं तीच, मुली त्याच, आणि रजिस्टर भरणारी कार्यकर्ती पण तीच एक. तिचा अर्धा आठवडा लिहिण्यात जातो.

मध्यंतरी कुठेतरी वाचलं की युएनचा खर्च कमी करायचाय म्हणून युएन वुमन (बायकांच्या हक्कांचं काम बघणारी) आणि युएनएफपीए (लोकसंख्या आणि प्रजनन आरोग्याचं काम बघणारी) या दोन संस्था एकत्र करायचा विचार चालू आहे. तर प्रश्न असा की इतक्या सगळ्या आंतरराष्ट्रीय संस्था बायकांच्या हक्कांवर काम करतात, त्या वरती एकमेकींशी बोलतात तरी का? बोलत असतील तर ते खालपर्यंत का पोचत नाही? आणि दोन संस्था एक झाल्या तर बरं होईल का वाईट? कोणी आतून बघितलं असेल तर सांगा.

उंटावरचा_शहाणा

बोलतात ना, फक्त बोलतातच. दर मार्चमध्ये न्यूयॉर्कला युएनच्या महिला आयोगाचं दोन आठवड्यांचं अधिवेशन असतं, तिथे सगळ्या संस्था एकाच स्टेजवर बसतात, मागे पडद्यावर दहा लोगो. लोगो मोजा आणि कामं मोजा, गुणोत्तर निघेल.

बाकी ताई तुम्ही करताय ते काम खरं आहे, त्याला सलाम. पण वरच्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका.

अभ्यासू_पोर

मी युपीएससी करतोय त्यामुळे एवढं माहितीय की २०१० मध्ये चार संस्था मिळून युएन वुमन झाली. आणि आंतरसंस्था समन्वयासाठी एक नेटवर्क पण आहे, त्याचं अध्यक्षपद युएन वुमनकडेच असतं. क्लासच्या नोट्समध्ये एवढंच आहे, पुढे ते नक्की करतं काय हे कोणी सांगितलं तर मला पण हवंय. धागा बुकमार्क.

जुना_खांब

ताई, प्रश्न चांगला आहे पण उत्तर लांबडं आहे, चहा घेऊन बसा. मी नोकरीची काही वर्षं काठमांडूत होतो, तीन-चार संस्थांच्या एका संयुक्त कार्यक्रमाच्या हिशेबाच्या टेबलावर. साहेब वगैरे नाही हो, व्हाउचर तपासणारा माणूस. त्यामुळे भाषणं कमी ऐकली, बिलं जास्त बघितली.

आधी थोडा इतिहास, त्याशिवाय आत्ताचं विलीनीकरण कळणार नाही. २०१० च्या आधी युएनमध्ये बायकांच्या प्रश्नावर चार वेगवेगळी दुकानं होती. एक सचिवालयातला विभाग, ज्याचं मूळ थेट १९४६ पर्यंत जातं. दुसरी युनिफेम, म्हणजे १९७५ च्या मेक्सिको परिषदेनंतर जो निधी काढला तो. तिसरी इनस्ट्रॉ, संशोधन आणि प्रशिक्षणाची, तिचं ऑफिस पार डोमिनिकन रिपब्लिकमध्ये सांतो दोमिंगोला. चौथं सरचिटणीसांच्या विशेष सल्लागाराचं ऑफिस, १९९७ चं. चौघांत पैसा थोडा, अधिकार त्याहून थोडा. युनिफेम तर युएनडीपी या विकास संस्थेच्या हाताखाली, तिच्या प्रमुखाला मुख्य बैठकीत खुर्चीच नाही. मग २००६ मध्ये युएनच्या एका उच्चस्तरीय समितीने सांगितलं की देशात काम करणाऱ्या युएनच्या सगळ्या संस्थांनी एक म्हणून वागावं, आणि त्याच अहवालात बायकांसाठी एकच दमदार संस्था करा हेही सांगितलं. तरी चार वर्षं गेली! जगभरातल्या शेकडो महिला संघटना 'गिअर' नावाची मोहीम काढून मागे लागल्या तेव्हा कुठे २ जुलै २०१० ला महासभेने ठराव केला आणि जानेवारी २०११ पासून काम सुरू झालं. पहिल्या प्रमुख मिशेल बाशेलेट, ज्या त्याआधी चिलीच्या राष्ट्राध्यक्ष होत्या. म्हणजे मुद्दाम अशी बाई आणली की जिला कोणी बैठकीत खालच्या खुर्चीवर बसवू शकणार नाही.

आता अभ्यासू_पोर, तुमच्या नोट्समध्ये नसलेला भाग. युएन वुमनला स्वतःच्या कामाबरोबर एक जास्तीची जबाबदारी दिली, ती म्हणजे बाकी सगळ्या युएन संस्थांकडून हे काम करून घ्यायचं. त्यासाठी २०१२ मध्ये सगळ्या संस्थांच्या प्रमुखांनी एक आराखडा मान्य केला, त्याला युएन-स्वॅप म्हणतात. प्रत्येक संस्थेने, मग ती विमानवाहतुकीची असो की टपालाची, दरवर्षी स्वतःचं प्रगतीपुस्तक भरायचं. वरच्या पदांवर बायका किती, बजेटमधला किती पैसा समानतेच्या कामाला लागला हे नोंदवण्याची सोय आहे का, ऑडिटमध्ये हे बघतात का वगैरे. आधी १५ निर्देशक होते, २०१८ पासून १७ झाले. श्रेणी कशा, तर अपेक्षेपेक्षा जास्त, अपेक्षेइतकं, अपेक्षेच्या जवळ, आणि काहीच नाही. शहाणे हसतील की स्वतःच स्वतःला मार्क द्यायचे. हो, पहिला आकडा संस्थाच भरते. पण युएन वुमन तो तपासते, मग संस्थेच्या प्रमुखाला पत्र जातं की तुमचं इथे कमी आहे, आणि एकदा का शेजारच्या संस्थेला बरी श्रेणी मिळाली आणि आपल्याला नाही हे कळलं की साहेबलोक कसे हलतात हे मी पाहिलंय. लाज हे युएनमधलं एकमेव हत्यार आहे असं आमचे एक वरिष्ठ म्हणायचे.

पण हा सगळा वरचा मजला झाला. खाली का पोचत नाही, त्याचं कारण पैशाची वाट. संयुक्त कार्यक्रम म्हटला की लोकांना वाटतं सगळ्यांनी एका भांड्यात पैसे टाकले. तसं क्वचित होतं. जास्त करून काय होतं की देणगीदार देश पैसे एका ट्रस्ट फंडात टाकतो, तो फंड सांभाळणारं ऑफिस १ टक्का घेतं, आणि पुढे तो पैसा वाटून प्रत्येक संस्थेकडे जातो, प्रत्येक संस्था आपला साधारण ७ टक्के व्यवस्थापन खर्च लावते, आणि इथे गंमत म्हणजे पुढचा खर्च प्रत्येकाच्या स्वतःच्या नियमाने. खरेदीचे नियम वेगळे, अहवालाचा नमुना वेगळा, ऑडिट वेगळं. कागदावर कार्यक्रम एक आणि प्रत्यक्षात चार. आमच्याकडे एकाच गटाला बियाणं एका संस्थेच्या टेंडरने यायचं, अवजारं दुसरीच्या, आणि प्रशिक्षण तिसरीचं. तिघांची टेंडरं एका महिन्यात निघतील तर शपथ. प्रशिक्षण झालं, बियाणं आलं नाही, पाऊस मात्र ठरल्या वेळी आला असं पण झालंय. दुसरी पद्धत पण असते, सगळा पैसा एकाच संस्थेकडे आणि एकच नियमावली. ती सोपी आहे पण बाकीच्या संस्थांना नको असते, कारण मग त्यांच्या वार्षिक अहवालात खर्चाचा आकडा दिसत नाही.

तुमची ती वेगवेगळ्या वयाची भानगड इथूनच येते. आरोग्यवाल्यांची किशोरवयाची व्याख्या १० ते १९, कोणाची सरकारी योजनेला धरून, आणि प्रत्येकाला आपापल्या मुख्यालयाला आपल्याच चौकटीत उत्तर द्यायचंय.

विलीनीकरणाचं उद्या लिहितो, हात दुखला.

बचतगटवाली

जुना_खांब काका, पावसाचं अगदी खरं बोललात.

मी विदर्भात माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळ) सहयोगिनी, म्हणजे बचतगट बघणारी कार्यकर्ती होते, तेजस्विनी कार्यक्रमाच्या काळात. तो पण आंतरराष्ट्रीय पैशाचाच कार्यक्रम, रोमच्या आयफाड या युएनच्या शेती निधीचं कर्ज, २००७ ला सुरू झाला आणि राज्यभर ३३ जिल्ह्यांत होता. पण मला आठवतं तसं आम्हाला फॉर्मचा त्रास असा नव्हता, कारण आयफाड आमच्याशी थेट बोलतच नव्हती. मधे माविम. गटाचं रजिस्टर एक, त्यावरून ग्रामसंस्थेची नोंद, त्यावरून लोकसंचालित साधन केंद्राची (बऱ्याच गावांच्या गटांचं मिळून केंद्र), आणि तिथून जिल्ह्याला. वर कोणाला काय पाहिजे ते जिल्ह्याच्या ऑफिसात बसून त्यांनी काढायचं, आम्हाला नाही विचारायचं. साधन केंद्राची वार्षिक सभा असायची, बायका स्वतः हिशेब वाचून दाखवायच्या, मॅनेजरचा पगार कशातून निघतो हे पण विचारायच्या! परदेशी पाहुणे आले की त्यांना पण तेच रजिस्टर दाखवायचं, त्यांच्यासाठी वेगळं काही नाही.

म्हणून मला वाटतं की वरच्यांनी एकमेकांशी बोलावं ही अपेक्षा बरोबर आहे पण आपलं रजिस्टर एक असलं पाहिजे आणि ते आपलं असलं पाहिजे, मग कोणी काही मागो. अर्थात माविम सरकारी महामंडळ, १९७५ पासूनचं, त्यांचं वजन होतं, छोट्या संस्थेला ते जमेल का माहीत नाही.

अवांतर: समन्वयाचा प्रश्न काही फक्त न्यूयॉर्कचा नाही. आमच्याकडे गावात गट म्हटलं की पहिला प्रश्न "माविमचा का उमेदचा?" (उमेद म्हणजे सरकारचंच दुसरं बचतगटांचं अभियान) 😀

गोदाकाठची

@बचतगटवाली ताई, "आपलं रजिस्टर आपलं असलं पाहिजे" हे मी ऑफिसात फळ्यावर लिहिणार आहे!! पण तुम्ही म्हणता तेच, आमचं वजन नाही. पैसे देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं.

@जुना_खांब, वाट बघतेय.

आकडेमोड्या

उंटावरचा_शहाणा यांच्याशी असहमत. एक जागा अशी आहे की जिथे या संस्था खरोखर एकत्र काम करतात आणि ती म्हणजे मोजणं. ते कोणाला दिसत नाही कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

उदाहरण बघा. बाळंतपणात किती बायका जातात याचा जागतिक अंदाज डब्ल्यूएचओ, युनिसेफ, युएनएफपीए, जागतिक बँक आणि युएनचा लोकसंख्या विभाग असे पाच जण मिळून काढतात. एकच पद्धत, एकच आकडा, पाच लोगो. २०२० साठी त्यांनी जगाचा आकडा एक लाख जिवंत जन्मांमागे २२३ आणि भारताचा १०३ दिला. आपल्या सरकारच्या एसआरएसचा (जन्म-मृत्यूचा नमुना सर्व्हे) २०१८-२० चा आकडा ९७ आणि महाराष्ट्राचा ३३. १०३ आणि ९७ यात फरक आहे पण भांडण नाही, पद्धत उघड आहे, कोणीही तपासावी. पाच संस्थांनी पाच आकडे दिले असते तर प्रत्येक सरकारने आपल्या सोयीचा उचलला असता.

तसंच बायकांवरच्या हिंसेचं. "जगात दर तीनपैकी एका बाईला आयुष्यात कधीतरी मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसावी लागते" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. २०२१ ला जो अंदाज आला, साधारण ७३ कोटी ६० लाख बायका, तो डब्ल्यूएचओने युएनच्या सहा संस्थांच्या एका कार्यगटासाठी काढलेला. त्यात युएन वुमन पण आहे, युएनएफपीए पण आहे, आणि गुन्हेगारीवर काम करणारी युएनओडीसी पण.

आणि तुमचा तो परभणीचा ४८ टक्के कुठून आला? एनएफएचएस करते मुंबईत देवनारची आयआयपीएस, लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था. ती संस्था १९५६ मध्ये भारत सरकार, युएन आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट अशा तिघांनी मिळून काढलेली. म्हणजे ज्या आकड्यामुळे तुमच्याकडे पाहुणे आले तो आकडा काढणारी संस्थाच मुळात अशा सहकार्यातून उभी राहिली आहे. मला तरी हे भारी वाटतं.

धोका आता वेगळाच आहे. बऱ्याच गरीब देशांत असले सर्व्हे अमेरिकेच्या पैशावर चालायचे, तो डीएचएस कार्यक्रम २०२५ च्या सुरुवातीला बंद पडला. आपल्याकडे एनएफएचएसचा खर्च सरकार करतं म्हणून आपण वाचलो. ज्यांच्याकडे सर्व्हेच होणार नाही तिथे पुढच्या दहा वर्षांत किती मुलींची लग्नं लवकर झाली हे कळणारच नाही, आणि मग प्रश्नच नाही असं म्हणायला सगळे मोकळे.

उंटावरचा_शहाणा

@आकडेमोड्या, मोजणं मान्य. पण मोजून झाल्यावर काय? युरोपियन युनियनने २०१७ मध्ये युएनला ५० कोटी युरो दिले, स्पॉटलाइट नाव, बायकांवरची हिंसा संपवायची, युएनच्या अनेक संस्था मिळून. २०२३ मध्ये त्यांच्याच लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की हेतू मोठा, परिणाम आतापर्यंत मर्यादित, कारभार गुंतागुंतीचा. हे मी नाही म्हणत, त्यांचेच ऑडिटर म्हणतायत. ५० कोटी युरो!! आपल्या ताईंच्या कार्यकर्तीला त्यातले दहा हजार मिळाले असते तर तिने काय काय केलं असतं.

वकीलीणबाई

सगळं पैशावरच चाललंय इथे, मी जरा कागदाची बाजू घेते. कागद स्वस्त असतो आणि कधीकधी पैशापेक्षा लांब जातो.

१९७९ चा सिडॉ करार, म्हणजे बायकांवरचे सगळे भेदभाव संपवण्याचा. भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली, काही अटी घालून, उदाहरणार्थ समाजांच्या खाजगी कायद्यात त्यांच्या पुढाकाराशिवाय हात घालणार नाही वगैरे. त्या अटींवर स्वतंत्र धागा होईल. पण मान्यता दिली हे महत्त्वाचं, कारण चारच वर्षांनी, १९९७ मध्ये, विशाखा खटल्यात सुप्रीम कोर्टासमोर प्रश्न आला की कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाबद्दल आपल्याकडे कायदाच नाही, मग करायचं काय. राजस्थानात सरकारच्याच महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या साथिनीवर बालविवाह थांबवायला गेली म्हणून अत्याचार झाला, त्यातून ही याचिका आली. (गोदाकाठची ताई, तुमच्याच कामातली बाई म्हणा.) कोर्टाने सिडॉ आणि त्यावरच्या समितीच्या शिफारशींचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि सांगितलं की संसद कायदा करेपर्यंत हाच कायदा. त्या तीन न्यायमूर्तींमध्ये सुजाता मनोहर होत्या, ज्या त्याआधी मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती होत्या. संसदेचा कायदा आला २०१३ ला. म्हणजे सोळा वर्षं देशातल्या नोकरदार बायका एका आंतरराष्ट्रीय कागदाच्या आधारावर उभ्या होत्या.

आता यात सहकार्य कुठे? तर सिडॉच्या कलम २२ प्रमाणे युएनच्या संस्था समितीला स्वतःचे अहवाल देऊ शकतात, आयएलओने कामगार बायकांबद्दल, एफएओने शेतकरी बायकांबद्दल. सरकार आपला अहवाल देतं त्यात सगळं छान छान असतं, मग या संस्था आणि देशातल्या महिला संघटना आपापली माहिती देतात आणि समितीचे २३ तज्ज्ञ सरकारच्या प्रतिनिधींना समोर बसवून प्रश्न विचारतात. भारताचा चौथा-पाचवा एकत्रित अहवाल २०१४ मध्ये असा तपासला गेला होता. संघटनांच्या अहवालाला समांतर अहवाल म्हणतात आणि तुमच्यासारख्या छोट्या संस्थेची माहिती त्यात जाऊ शकते, मोठ्या नेटवर्कमार्फत. ऊसतोडीतल्या मुलींचं लग्न आणि कोयत्याची उचल यांचा संबंध त्या खोलीत बसलेल्या किती जणांना माहीत असेल?

बाकी आयएलओचा २०१९ चा कामाच्या ठिकाणच्या हिंसेविरुद्धचा करार, क्रमांक १९०, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. हेही जाता जाता.

अभ्यासू_पोर

कोयत्याची उचल म्हणजे काय हो? मी नाशिकचा आहे पण माहीत नाही.

गोदाकाठची

@अभ्यासू_पोर, ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम हंगामाच्या आधी पैसे देतो ती उचल, आणि ती जोडीला मिळते. एकट्या पोराला अर्धा कोयता धरतात. म्हणजे पोरगा कमवायला लागला की त्याचं लग्न लावून दिलं तर घरात उचल वाढते. आणि पोरीच्या घरच्यांना वाटतं आपण सहा महिने कारखान्यावर, पोर मागे एकटी, कोणाच्या भरवशावर ठेवायची, त्यापेक्षा देऊन टाका. दिवाळीच्या आत गडबड असते नुसती. आमच्या फॉर्ममध्ये "बालविवाहाचे कारण" असा रकाना असतो, त्यात गरिबी, परंपरा, शिक्षणाचा अभाव, इतर असे चार पर्याय. आम्ही सगळं "इतर" मध्ये टाकतो.

@वकीलीणबाई, समांतर अहवालाबद्दल मला अजिबात माहीत नव्हतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

वकीलीणबाई

जरूर करा. आणि तो "इतर" चा रकाना वेगळा काढून ठेवा, मला तोच हवाय.

जुना_खांब

हां, आलो. आता विलीनीकरण.

सप्टेंबर २०२५ मध्ये सरचिटणीसांनी युएन-८० नावाच्या सुधारणांचा अहवाल दिला, त्यात युएनएफपीए आणि युएन वुमन एकत्र करता येतील का हे तपासून बघा असं सुचवलंय. कारण उघड आहे, पैसा आटलाय. दोघींचे काही विभाग न्यूयॉर्कमधून नैरोबीला हलवायचं आधीच चालू आहे, न्यूयॉर्क परवडत नाही.

काही लोकांना वाटतं की २०१० ला चार एक केल्या तर आता दोन एक करायला काय हरकत. मला ते पटत नाही. २०१० ला ज्या चार एक केल्या त्या चारही छोट्या आणि साधारण एकाच जातीच्या होत्या, धोरण, संशोधन, थोडा निधी. या दोघी वेगळ्या आहेत. युएनएफपीए १९६९ पासूनची, वर्षाला अब्ज डॉलरच्या वर उलाढाल, तिचं काम हाताने करायचं काम आहे, गर्भनिरोधकं पोचवणं, सुईणींचं प्रशिक्षण, भूकंप झाला युद्ध झालं की बाळंतपणाचं सामान घेऊन जाणं. युएन वुमन त्याच्या निम्म्याहूनही कमी पैशात, आणि तिचं मुख्य काम बाकीच्यांच्या मागे लागणं. मागे लागणाऱ्याला आणि माल पोचवणाऱ्याला एका ऑफिसात बसवलं की माल पोचवणंच जिंकतं, कारण तिथे रोज काहीतरी पेटलेलं असतं. युएनमधल्या सगळ्या संस्थांचं प्रगतीपुस्तक मग तपासणार कोण, आणि तपासणारीच जर सगळ्यात मोठी खर्च करणारी असेल तर तिचं ऐकणार कोण.

दुसरं, राजकारण. युएनएफपीएचा अमेरिकेचा पैसा १९८० च्या दशकापासून चालू-बंद चालू-बंद होत आलाय, तिकडे सरकार बदललं की नळ बदलतो. २०१७ ला बंद, मग पुन्हा चालू, २०२५ ला परत बंद. कारण गर्भपात आणि संततिनियमनाचं तिकडचं भांडण. आत्ता निदान ते भांडण एका दारात आहे. एक केलं की पगाराची समानता, शेतकरी बायकांचा जमिनीचा हक्क, शांतता प्रक्रियेतला बायकांचा सहभाग हे सगळंच त्या दारात जाऊन उभं राहणार. उलटी बाजू पण सांगतो नाहीतर शहाणे पकडतील, की युएन वुमनकडे स्वतःचं ४१ देशांचं कार्यकारी मंडळ आहे आणि युएनएफपीएचं मंडळ युएनडीपीबरोबर सामाईक, दोन मंडळं, दोन मुख्यालयं, दोन एचआर, यात वाचवण्यासारखं नक्की आहे. तर ते मागचं ऑफिस एक करा ना! पगारपत्रक, भाडं, संगणक, खरेदी. पुढचं दार वेगळं राहू द्या.

आणि स्पॉटलाइटचं शहाणे बरोबर बोलले, पण त्यातून निघणारा अर्थ उलटा आहे. तिथे संस्था एकत्र होत्या पण प्रत्येकीचे नियम आपापले, म्हणून गुंता. याउलट युनिसेफ आणि युएनएफपीएचा बालविवाहाविरुद्धचा जो जागतिक कार्यक्रम आहे, २०१६ पासूनचा, १२ देशांत, भारत त्यात आहे, तो बघा. दोनच संस्था आणि एकच विषय. टप्प्याटप्प्याने चाललाय, तिसरा टप्पा २०३० पर्यंत. मला तरी जमलेली उदाहरणं अशीच दिसली, दोन-तीन जणी, ठरलेलं काम, आणि जास्त वर्षं. रोमच्या तीन अन्न-शेतीवाल्या संस्था आणि युएन वुमन यांचा ग्रामीण बायकांचा संयुक्त कार्यक्रम पण असाच, नेपाळमध्ये तराईत सर्लाही-रौतहटकडे होता. बियाण्यापासून बाजारापर्यंत कोणी काय करायचं हे आधी वाटून घेतलेलं.

गोदाकाठची ताई, तुम्ही विचारलंत पैसे देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं. नाही म्हणू नका, आधी विचारा. करार सही व्हायच्या आधी एकदाच संधी असते. तेव्हा सांगायचं की आमच्याकडे मुलीची मूळ नोंद एकच आहे, त्यात जन्मतारीख आहे, वयोगट तुम्ही हवा तो काढा. वय लिहू नका, जन्मतारीख लिहा, म्हणजे १० ते १९ काय आणि ११ ते १८ काय, गाळणी लावली की झालं. आणि अहवाल लिहिणाऱ्या माणसाचा पगार बजेटमध्ये मागा, त्यांना तो नाकारता येत नाही कारण अहवाल त्यांनाच हवाय. मी तिकडच्या बाजूला बसलेलो असताना ज्यांनी मागितलं त्यांना दिलंय, बहुतेक लोक मागतच नाहीत.

उंटावरचा_शहाणा

"मागचं ऑफिस एक करा, पुढचं दार वेगळं ठेवा" याला +१. पण तसं होणार नाही बघा. कापताना नेहमी पुढचं दार आधी कापतात, भाड्याचे करार दहा-दहा वर्षांचे असतात.

बचतगटवाली

जन्मतारखेचं काकांनी छान सांगितलं पण शाळेच्या दाखल्यावरची तारीख आणि आधारवरची तारीख वेगळी असते त्याचं काय करायचं? आमच्याकडे तर लग्नाआधी आधार अपडेट करून आणायचे लोक. दोन्ही तारखांचे रकाने ठेवा ताई, आणि दाखला कोणत्या शाळेचा तेही. मी एका साध्या एक्सेलमध्ये करून ठेवलंय, पाहिजे तर पाठवते.

गोदाकाठची

पाठवा पाठवा! सोमवारी आमची मिटिंग आहे त्याच्या आधी मिळालं तर फार बरं होईल, नवीन करार याच महिन्यात सही व्हायचाय.